आर्सेनल विमेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या या क्लबबद्दल वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न आहेत, पुढे आकड्यांच्या गुंत्याचे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल, तर तिथे पाहायला सांगितलं आहे.

आर्सेनल विमेन म्हणजे पुरुषांच्या आर्सेनलचाच संघ ना? की नाव सारखं असलेला वेगळा क्लब?

त्याच क्लबचा संघ. तोच तोफेचा बिल्ला, तीच पांढऱ्या बाह्यांची लाल जर्सी, तोच मालक. हा संघ उत्तर लंडनचा असून इंग्लंडच्या सर्वोच्च महिला स्पर्धेत, म्हणजे विमेन्स सुपर लीगमध्ये (पुढे सगळीकडे डब्ल्यूएसएल) खेळतो. इंग्लंडमधल्या महिला क्लबांत सर्वाधिक लीग विजेतेपदं याच संघाची आहेत. युरोपचा मुख्य करंडक जिंकलेला इंग्लंडचा एकमेव महिला क्लबही हाच.

क्लब कधी आणि कोणी सुरू केला?

१९८७ मध्ये, विक एकर्स यांनी. पुरुषांच्या संघाचे कपडे, बूट आणि सामान सांभाळणारे किट मॅनेजर म्हणून फुटबॉलप्रेमी त्यांना ओळखतात. महिला संघ आर्सेनलच्या परिसरातील सामाजिक उपक्रमांतून उभा राहिला आणि एकर्स २००९ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्याचे व्यवस्थापक होते. किटचं कामही सोबत चालूच होतं. २००३-०४ मध्ये आर्सेन वेंगर यांचा पुरुष संघ अख्खा लीग हंगाम अपराजित राहिला, तेव्हा त्या संघाच्या जर्सी लावून ठेवणारा माणूस स्वतः दुसऱ्या एका चॅम्पियन संघाचा व्यवस्थापक होता.

पुरुषांचा आर्सेनल १८८६ चा. मग महिला संघाला शंभर वर्षं का लागली?

कारण मधली जवळजवळ पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये महिला फुटबॉलचा गळा आवळलेला होता. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींनी संघ काढले. प्रेस्टनच्या 'डिक, कर' कारखान्याचा संघ त्यात सर्वांत गाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने (एफए) हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचं ठरवून आपल्या संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद केली.

या निर्णयाने स्त्रियांना खेळायची बंदी झाली, असा समज आहे. प्रत्यक्षात बंदी मैदानांवर होती. पण चांगलं मैदान नाही म्हणजे तिकीट नाही, पैसा नाही, आणि वर्तमानपत्रात ओळभर बातमीही नाही. बायका उद्यानांत आणि रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिल्या. १९६९ मध्ये महिलांची स्वतंत्र संघटना झाली, १९७१ मध्ये पहिला महिला चषक खेळला गेला, देशव्यापी लीग तर १९९१ मध्ये सुरू झाली. त्या ५३,००० प्रेक्षकांच्या नाती-पणतींना जे मिळायला हवं होतं, ते त्यांच्यापासून हिरावलं गेलं. आजचे प्रेक्षकसंख्येचे विक्रम वाचताना ५ डिसेंबर १९२१ ही तारीख लक्षात ठेवावी.

संघ पहिल्यांदा मोठा कधी झाला?

१९९२-९३ च्या हंगामात. आदल्या वर्षी संघाने लीग कप जिंकला होता आणि दक्षिण विभागात पहिलं येऊन वरच्या श्रेणीत बढती मिळवली होती. वरच्या श्रेणीच्या पहिल्याच हंगामात त्यांनी लीग, एफए कप आणि लीग कप असे देशातले तिन्ही करंडक उचलले. तोवर इंग्लंडमध्ये दबदबा डॉनकास्टर बेल्सचा होता. १९९३ च्या एफए कप अंतिम सामन्यात आर्सेनलने त्यांनाच ३-० हरवलं.

त्या काळात खेळाडूंना पगार मिळायचा का?

आजच्या अर्थाने नाही. खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सरावाला यायच्या. एकर्स यांनी काही जणींना क्लबमध्येच काम मिळवून दिलं. त्यातली सर्वांत माहितीची गोष्ट अ‍ॅलेक्स स्कॉटची. इंग्लंडकडून खेळणारी ही उजवी बचावपटू क्लबच्या लाँड्रीत पुरुष खेळाडूंचे चिखलाने माखलेले कपडे धुवायची, वाळवायची, घड्या घालायची आणि मग स्वतःच्या सरावाला जायची.

हे वाचून वाईट वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पण इतर क्लबांच्या मुलींना तेवढंही नव्हतं. दिवसभर मैदानाच्या जवळ राहायला मिळणं, हातखर्चाची सोय असणं आणि संघाची बाजू क्लबच्या आत रोज मांडणारा माणूस असणं, या तीन गोष्टी आर्सेनलकडे होत्या. पहिल्या वीस वर्षांच्या यशाचं आमच्या मते हेच मुख्य कारण आहे.

संपूर्ण व्यावसायिक करार सक्तीचे झाले ते २०१८-१९ पासून. तेव्हापासून डब्ल्यूएसएलच्या प्रत्येक क्लबला खेळाडूंसाठी आठवड्याला किमान १६ तासांचं संघासोबतचं काम देणं बंधनकारक झालं.

२००६-०७ च्या "चार करंडकां"बद्दल नेहमी बोललं जातं. नेमकं काय घडलं?

एका हंगामात लीग, एफए कप, लीग कप आणि युरोपचा यूएफा विमेन्स कप, असे चारही मोठे करंडक. लीगचे २२ पैकी २२ सामने जिंकले. एफए कपच्या अंतिम सामन्यात नॉटिंगहॅमच्या सिटी ग्राउंडवर २४,५२९ प्रेक्षकांसमोर चार्ल्टनला ४-१ हरवलं.

युरोपचा अंतिम सामना तेव्हा दोन भागांत व्हायचा. समोर स्वीडनचा उमेओ होता, आणि त्यांच्याकडे ब्राझीलची मार्ता. आर्सेनलची सर्वोत्तम आक्रमक केली स्मिथ निलंबित होती. उमेओमधला पहिला सामना गोलशून्य संपणार असं दिसत असताना भरपाई वेळेत, वर लाँड्रीच्या उत्तरात आलेल्या अ‍ॅलेक्स स्कॉटने लांबून चेंडू जाळ्यात मारला. परतीच्या सामन्यात, २९ एप्रिल २००७ रोजी, आर्सेनलच्या घरच्या, मेडो पार्कच्या छोट्या मैदानावर उमेओने हल्ल्यांमागून हल्ले केले. गोलरक्षक एमा बर्न आणि कर्णधार फे व्हाइटच्या बचावफळीने ०-० टिकवलं. दोन्ही सामने मिळून १-०. प्रेक्षक साडेतीन हजारांच्या आसपास.

१०८ सामने न हरण्याचा विक्रम खरा आहे का? त्यात सगळ्या स्पर्धा मोजतात का?

खरा आहे, पण फक्त लीगचे सामने मोजायचे. ऑक्टोबर २००३ ते मार्च २००९ या काळात आर्सेनल लीगमध्ये एकदाही हरला नाही. चषक सामन्यांतले आणि युरोपातले पराभव यात धरलेले नाहीत. ही मालिका एव्हर्टनने तोडली. त्या हंगामाची लीगही शेवटच्या दिवशी एव्हर्टनला हरवून, केवळ गोलफरकाने जिंकावी लागली. तुलनेसाठी सांगायचं तर पुरुष संघाची गाजलेली अपराजित मालिका ४९ सामन्यांची होती.

लीग १५ वेळा जिंकली असं एका ठिकाणी वाचलं, दुसरीकडे ३. खरं काय?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजमाप वेगळं आहे. डब्ल्यूएसएल २०११ मध्ये सुरू झाली. त्याआधी सर्वोच्च पातळीवर महिला प्रीमियर लीगची नॅशनल डिव्हिजन होती.

जुनी लीग, १२ वेळा: १९९२-९३, १९९४-९५, १९९६-९७, २०००-०१, २००१-०२ आणि मग २००३-०४ ते २००९-१० अशी सलग सात.

डब्ल्यूएसएल, ३ वेळा: २०११, २०१२, २०१८-१९.

"इंग्लंडचं विजेतेपद" म्हणायचं असेल तर १५ लिहा. "डब्ल्यूएसएल" असा शब्द वापरलात तर ३ लिहा. समाजमाध्यमांवरच्या तक्त्यांत अनेकदा शीर्षक पहिलं आणि आकडा दुसरा असतो, तिथेच वाद सुरू होतात. लीग कपचंही असंच आहे: जुन्या स्पर्धेत १० आणि २०११ नंतरच्या स्पर्धेत ७, त्यातला शेवटचा २०२३-२४ चा. एफए कपमध्ये हा घोळ नाही, कारण स्पर्धा सलग एकच आहे. तिथे आकडा १४, शेवटचा २०१६ चा, वेम्ब्लीवर चेल्सीविरुद्ध डॅनिएल कार्टरच्या एकमेव गोलने.

इतका जुना दरारा असताना २०१२ नंतर लीग हातातून का निसटली?

आर्सेनल कमजोर झाला यापेक्षा बाकीचे जागे झाले, हे जास्त खरं. डब्ल्यूएसएल आठ संघांची होती. पहिल्याच सामन्यात, १३ एप्रिल २०११ ला, आर्सेनलने चेल्सीला १-० हरवलं आणि गिली फ्लाहर्टी लीगची पहिली गोल करणारी खेळाडू ठरली. पण २०१२ मध्ये चेल्सीने एमा हेस यांना आणलं. २००६-०७ च्या त्या चार करंडकांच्या वेळी हेस आर्सेनलमध्येच एकर्स यांच्या सहायक होत्या! २०१४ पासून मँचेस्टर सिटी मोठ्या पैशांनिशी लीगमध्ये उतरली. पूर्णवेळ करार, स्वतंत्र सराव केंद्र, परदेशी खेळाडू हे सगळं आता इतरांकडेही आलं. आर्सेनलची जी सोय एकेकाळी एकट्याची होती, ती राहिली नाही. त्यातच एकर्स गेल्यानंतर २००९ ते २०१७ या आठ वर्षांत चार व्यवस्थापक झाले: टोनी जर्व्हेस, लॉरा हार्वी, शेली कर आणि पेद्रो मार्तिनेझ लोसा.

२०१८-१९ चं विजेतेपद कसं आलं?

ऑस्ट्रेलियाचे जो मॉन्टेमुरो २०१७ च्या अखेरीस आले आणि संघ चेंडू पायाशी ठेवून खेळू लागला. पुढच्या हंगामात २० सामन्यांत १८ विजय, ५४ गुण. एकही बरोबरी नाही. नेदरलँड्सची व्हिवियाने मीडेमा हिने त्या हंगामात २२ गोल केले, तो तेव्हाचा लीगचा विक्रम होता. ब्रायटनमध्ये ४-० जिंकून सात वर्षांनी करंडक परत आला.

मीडेमाचं नाव निघालंच आहे, तर १ डिसेंबर २०१९ चा ब्रिस्टल सिटीविरुद्धचा सामना सांगायलाच हवा. आर्सेनल ११-१. त्यात तिचे सहा गोल, आणि आणखी चार गोलांसाठी शेवटचा पास तिचा.

त्यानंतर लीग सर्वांत थोडक्यात कधी हुकली?

२०२१-२२ मध्ये. चेल्सी ५६, आर्सेनल ५५.

२०२२-२३ मध्ये "एसीएल"चं काय प्रकरण होतं?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेला अस्थिबंध. धावताना अचानक थांबलं, दिशा बदलली किंवा उडी मारून पाय वाकडा पडला की तो फाटतो, बहुतेकदा कुणाचा धक्का न लागताच. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन धरून परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. त्या हंगामात आर्सेनलच्या चौघींचा एसीएल गेला: नोव्हेंबरमध्ये बेथ मीड, डिसेंबरमध्ये मीडेमा, एप्रिलमध्ये कर्णधारपदाचा भार वाहणारी लिया विल्यमसन आणि मे महिन्यात लॉरा वीनरॉयटर.

तरीही संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. वोल्फ्सबुर्गविरुद्ध पहिला सामना २-२. १ मे २०२३ ला एमिरेट्सवर, म्हणजे क्लबच्या मोठ्या स्टेडियमवर, ६०,०६३ प्रेक्षकांसमोर जादा वेळेच्या अगदी शेवटी गोल खाऊन एकूण ५-४ ने बाहेर. पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंना ही दुखापत कित्येक पटींनी अधिक होते. शरीररचनेबरोबर बुटांची घडण, मैदानाचा दर्जा आणि सामन्यांची गर्दी यांवर आता संशोधन होतंय. बूट आजवर पुरुषांच्या पायाच्या मापावर बेतले जात होते, ही गोष्ट या चौघींच्या निमित्ताने पुष्कळांच्या पहिल्यांदाच लक्षात आली.

घरचं मैदान नेमकं कोणतं? मेडो पार्क की एमिरेट्स?

दोन्ही, काळाप्रमाणे. बोरमवुडचं मेडो पार्क हे वर्षानुवर्षांचं घर. क्षमता सुमारे ४,५००, जवळचं रेल्वे स्थानक एल्स्ट्री अँड बोरमवुड. एमिरेट्सची क्षमता ६०,७०४, आणि तिथे जायला भुयारी रेल्वेचं आर्सेनल स्थानक.

बदल टप्प्याटप्प्याने झाला. आधी वर्षातून एखाददुसरा सामना एमिरेट्सवर, मग निवडक मोठे सामने, २०२४-२५ मध्ये लीगचे आठ आणि २०२५-२६ पासून लीगचे सर्व अकरा. एमिरेट्सवरचे लीगचे आकडे बघा:

सप्टेंबर २०२२, टॉटनहॅमविरुद्ध ४७,३६७.
ऑक्टोबर २०२३, लिव्हरपूलविरुद्ध ५४,११५.
डिसेंबर २०२३, चेल्सीविरुद्ध ५९,०४२.
फेब्रुवारी २०२४, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६०,१६०.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या महिलांनी युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला, त्याचा हातभार मोठा. पण इतर क्लबांनाही तो मिळाला होता. आर्सेनलने तारखा आधीच जाहीर केल्या, सामने विचार करून निवडले, आणि एक-दोन फसले तरी मोठं मैदान सोडलं नाही. प्रेक्षकांना सवय लागायला सातत्य लागतं, ते त्यांनी ठेवलं. एक लक्षात ठेवा: सगळे सामने एमिरेट्सवर हे लीगपुरतं आहे. चषकाचे किंवा युरोपचे सामने मेडो पार्कवरही होतात, तेव्हा तिकीट काढताना मैदानाचं नाव वाचा. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून बरीच दूर आहेत.

२०२५ मध्ये युरोप जिंकला तो पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?

दुसऱ्यांदा. स्पर्धा तीच, नाव बदललं. २००७ मध्ये ती यूएफा विमेन्स कप होती, २००९-१० पासून विमेन्स चॅम्पियन्स लीग झाली. "चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा" असं लिहिलं तर तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण "युरोपचं विजेतेपद पहिल्यांदा" हे चूक. २००७ ची हकीकत चार करंडकांच्या प्रश्नात आहे.

२०२५ च्या विजयात इतकं विशेष काय होतं?

वाट. आदल्या हंगामात लीगमध्ये तिसरं आल्यामुळे आर्सेनलला पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली. तिथून सुरू करून करंडक उचलणारा हा पहिलाच संघ. एकूण १५ सामने.

पात्रता: रेंजर्स ६-०, रोझेनबोर्ग १-०. मग हॅकेनविरुद्ध पहिला सामना ०-१, दुसरा ४-०.
गट: सलामीलाच बायर्नकडून २-५ असा सपाटून मार. या सामन्यानंतर काही दिवसांतच, १५ ऑक्टोबर २०२४ ला, व्यवस्थापक योनास आयडेव्हाल यांनी राजीनामा दिला. सहायक रेने स्लेगर्स यांच्याकडे तात्पुरती सूत्रं आली. उरलेले पाचही सामने जिंकून संघ गटात पहिला, आणि जानेवारीत स्लेगर्स कायम.
उपांत्यपूर्व: रेआल माद्रिद ०-२, मग ३-०.
उपांत्य: लियों १-२, मग त्यांच्या घरी ४-१.

नीट पाहिलंत तर दोन सामन्यांच्या तिन्ही लढतींत आर्सेनल पहिला सामना हरला होता आणि तिन्ही वेळा परत उभा राहिला. लियों हा या स्पर्धेतला सर्वाधिक विजेतेपदांचा संघ, आणि त्याच्याच मैदानावर चार गोल.

अंतिम सामना २४ मे २०२५ ला लिस्बनमध्ये, बार्सेलोनाशी. बार्सेलोनाचा हा सलग पाचवा अंतिम सामना होता आणि सलग तिसरा करंडक त्यांना खुणावत होता. ६७ व्या मिनिटाला स्लेगर्स यांनी बेथ मीड आणि स्टिना ब्लॅकस्टेनियस यांना एकाच वेळी उतरवलं. सात मिनिटांनी मीडने गोलक्षेत्रात चेंडू सरकवला आणि ब्लॅकस्टेनियसने खालून जाळ्यात मारला. १-०. अडीच वर्षं आधी गुडघा धरून बसलेली मीड, आणि २००७ च्या विजयाच्या वेळी मस्कॉट (खेळाडूंसोबत मैदानात उतरणारं लहान मूल) म्हणून उभी असलेली दहा वर्षांची लिया विल्यमसन आता बचावफळीच्या मध्यभागी. कर्णधार किम लिटलने करंडक उचलला तेव्हा डोळे कोरडे ठेवणं अवघड होतं.

"आर्सेनल लेडीज" आणि "आर्सेनल विमेन" यात फरक काय?

काहीच नाही. जुलै २०१७ मध्ये क्लबने "लेडीज" शब्द काढला. त्याआधीच्या घटनांबद्दल लिहिताना जुनं नाव वापरलं तरी चालतं.

२०२०-२१ चा एफए कप अंतिम सामना डिसेंबर २०२१ मध्ये कसा? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. करोनामुळे ती स्पर्धा पुढच्या हंगामात सरकली. अंतिम सामना ५ डिसेंबर २०२१ ला वेम्ब्लीवर झाला, ४०,९४२ प्रेक्षक आले आणि चेल्सीने आर्सेनलला ३-० हरवलं. तारीख परत वाचा: १९२१ च्या मैदानबंदीला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षं झाली. आर्सेनलसाठी निकाल कडू होता, तरी तो दिवस इंग्लंडच्या महिला फुटबॉलचा होता.

करोनाचा दुसरा परिणाम २०१९-२० च्या लीगवर. हंगाम मध्येच थांबला आणि क्रमवारी दर सामन्यामागच्या सरासरी गुणांवर लावली. त्यामुळे गुणतक्त्यात पुढे असलेली मँचेस्टर सिटी दुसरी आणि एक सामना कमी खेळलेली चेल्सी विजेती. आर्सेनल तिसरा.

दहा लाख पौंडांची खेळाडू आर्सेनलचीच ना?

हो. कॅनडाची ऑलिव्हिया स्मिथ, जुलै २०२५ मध्ये लिव्हरपूलकडून. महिला फुटबॉलमधला दहा लाख पौंडांचा तो पहिला व्यवहार. अलेसिया रूसो मात्र २०२३ मध्ये करार संपल्यावर मँचेस्टर युनायटेडहून विनामूल्य आली होती.

भारतातून सामने पाहायचे तर वेळ कशी काढायची?

इंग्लंडची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार तास. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. रविवारी तिथे दुपारी १२ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ५:३० ला, उन्हाळ्यात ४:३० ला दिसेल. चूक होते ती युरोपच्या रात्रीच्या सामन्यांत: तिथल्या बुधवारच्या रात्री ८ वाजता आपल्याकडे गुरुवार उजाडलेला असतो, १२:३० किंवा १:३०. गजर गुरुवारचा लावा.

इंग्लंडमध्ये कोणी भारतीय मुलगी खेळली आहे का?

आर्सेनलकडून नाही. भारताची गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात गेली, तेव्हा ती लफबरो विद्यापीठात शिकत होती. बाला देवी २०२० मध्ये रेंजर्सकडे गेली, पण तो क्लब स्कॉटलंडचा.